जुनी केबल स्लाइड फेकण्याआधी ती नीट पाहा

प्रश्न: माझ्याकडे सेकंडहँड घेतलेलं कंपाऊंड धनुष्य आहे, साधारण 15 वर्षांपूर्वीचं मॉडेल. 50 मीटरवर सराव करतो. काही महिन्यांपूर्वी स्ट्रिंग आणि केबल दोन्ही नवीन बनवून घेतल्या. त्यानंतर ड्रॉ करताना, म्हणजे स्ट्रिंग मागे ओढताना, करकर आवाज यायला लागला आणि मध्येच किंचित अडकल्यासारखं वाटतं. परवा नीट बघितलं तर केबल स्लाइडला खाचेजवळ तडा गेलाय. कंपनी हा भाग आता बनवत नाही. ऑनलाइन साध्या काळ्या प्लॅस्टिकच्या, पांढऱ्या टेफ्लॉनच्या, ॲल्युमिनियमच्या अशा कितीतरी स्लाइड दिसतात आणि जवळजवळ सगळ्यांवर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं असतं. एक मित्र म्हणतो, स्लाइडचा नादच सोड आणि रोलर लावून टाक. मी कोणती घेऊ? आणि घरी बसवता येईल का?

उत्तर:

नमस्कार,

सगळ्यात आधी एक विनंती. नवीन स्लाइड बसेपर्यंत या धनुष्याने एकही बाण मारू नका. एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्याला तडा गेला तर काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. पण दोन्ही केबलना बाणाच्या वाटेतून बाजूला ओढून धरणारी तीच एक वस्तू आहे. बाण सुटताना ती फुटली, तर ताणलेल्या केबल झटक्यात मधोमध येतात, म्हणजे थेट बाणाच्या वाटेत. बाण भलतीकडे जातो, केबल खराब होतात आणि नशीब खराब असेल तर स्ट्रिंग कॅमवरून, म्हणजे धनुष्याच्या टोकांच्या चाकांवरून, उतरते. तडा दिसला की थांबायचं, यात ‘अजून दोन दिवस चालेल’ असं काही नसतं.

ही अडचण कंपाऊंडच्या रचनेतच आहे. होलेस विल्बर ॲलन यांनी 1966 मध्ये अमेरिकेत अशा धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 मध्ये ते त्यांना मिळालं. चाकं आणि केबलची ती कल्पना आली तेव्हापासून स्ट्रिंगच्या मागोमाग केबलही धनुष्याच्या मध्यातूनच जाऊ पाहतात. बाणाला मात्र तिथूनच जायचं असतं. म्हणून रायझरमधून, म्हणजे धनुष्याच्या हातात धरायच्या मधल्या भागातून, एक रॉड मागे काढायचा, त्यावर स्लाइड चढवायची आणि तिच्या खाचांमध्ये केबल अडकवून त्या बाजूला घ्यायच्या. ड्रॉ करताना केबल जागा बदलतात, म्हणून स्लाइड रॉडवर मागे-पुढे सरकते. तिला दोन कामं एकाच वेळी करायची असतात: कडेचा ताण सहन करायचा आणि तरी मोकळेपणाने सरकायचं. चांगली आणि वाईट स्लाइड यातला फरक सगळा इथेच आहे.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वात महत्त्वाची वाटलेली ओळ. केबल नवीन केल्या आणि त्यानंतर आवाज सुरू झाला, असं तुम्ही लिहिलंय. कोणती स्लाइड घ्यायची हे ठरवण्याआधी जुनी का फुटली ते कळायला हवं, नाहीतर नवीनही त्याच जागी फुटेल. जुनी स्लाइड हातात घ्या, उजेडात धरा आणि तिच्या झिजेकडे शांतपणे बघा. ती बरंच काही सांगते.

तडा खाचेच्या तोंडाशी किंवा बुडाच्या कोपऱ्यात असेल, तर केबल त्या खाचेला जाड पडत होती असा माझा पहिला संशय आहे. केबलची जाडी धाग्यांच्या संख्येवर आणि वरून गुंडाळलेल्या सर्व्हिंगवर ठरते. सर्व्हिंगचा धागा वेगवेगळ्या जाडीचा मिळतो. मूळ केबलवर 0.014 इंचाचा असेल आणि नवीन बनवणाऱ्याने 0.021 इंचाचा वापरला, तर दोन्ही बाजू मिळून केबल 0.014 इंचांनी, म्हणजे सुमारे 0.35 मिलिमीटरने जाड होते. डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही. पण नेमक्या मापाच्या खाचेत अशी केबल दाबून बसवली की ती पाचरीसारखी भिंती फाकवत राहते. जुनं प्लॅस्टिक तेवढा ताण काही दिवस सोसतं आणि मग चिरतं. तुमच्या बाबतीत हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे, पण माप घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

रॉड जातो ते भोक बघा. ते गोल न राहता लांबट झालं असेल, तर स्लाइड तिरकी होऊन चालत होती. भोकाच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे असतील, तर दोष रॉडचा आहे. आणि एकच खाच खोल झिजली असेल, दुसरी जवळजवळ कोरी असेल, तर दोन केबलवरचा कडेचा ताण सारखा नाही. रॉड मूळ कोनातून फिरलाय का, हे तेव्हा तपासायचं.

रॉडची तपासणी तर कुठल्याही परिस्थितीत कराच, कारण करकरण्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. रॉड कार्बनचा किंवा फायबरग्लासचा असेल तर त्यावरून उघडं बोट फिरवू नका, कुसळ आत जातं. कापसाचा बोळा घ्या आणि रॉडवर टोकापासून टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवा. जिथे धागा उपटला असेल तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात. तसं झालं तर आधी रॉड बदला. खरखरीत रॉडवर महागातली महाग स्लाइडही लवकर झिजते. कापूस कुठेच अडकला नाही, तर रॉड अल्कोहोलने पुसून कोरडा करा. जुना मेणचट मळ किती निघतो ते बघून आश्चर्य वाटेल. नुसती सफाई केल्यावर आवाज गेला, अशीही उदाहरणं भरपूर आहेत, पण तुमच्या स्लाइडला तडा गेलेला असल्याने तुमचं काम तेवढ्यावर भागणार नाही.

मग माप. यासाठी वर्निअर कॅलिपर हवा, पट्टीने होत नाही. बऱ्याच धनुष्यांवर 3/8 इंच, म्हणजे साधारण 9.5 मिलिमीटर व्यासाचा रॉड असतो. काहींवर 5/16 इंचाचा, म्हणजे 7.9 मिलिमीटरचाही सापडतो. याशिवाय वेगळ्या मापाचे रॉडही असतात, त्यामुळे मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधू नका. रॉड तीन ठिकाणी मोजा: रायझरजवळ, मध्ये आणि टोकाला. मध्ये कमी भरला तर तो तिथे झिजलाय. केबलची जाडी स्लाइड जिथे बसते तिथेच, सर्व्हिंगवर मोजा, आणि कॅलिपर दाबून घट्ट करू नका, केबल चपटी होऊन माप कमी येतं. ही मापं कागदावर लिहून ठेवा. ‘युनिव्हर्सल’ या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की ती स्लाइड सर्वाधिक चालणाऱ्या रॉडला बसते. तुमच्या रॉडला आणि तुमच्या नव्या केबलना बसते की नाही, हे फक्त तुमच्या कागदावरचे आकडे सांगतील. विक्रेत्याला भोकाचा व्यास आणि खाचेची रुंदी विचारा. जो सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आता मटेरियल. साध्या स्लाइड बहुधा नायलॉनच्या किंवा ॲसिटलच्या असतात. डेलरिन हे ॲसिटलचंच एक व्यापारी नाव. दिसायला दोन्ही सारखे, पण एक फरक महत्त्वाचा आहे. नायलॉन हवेतला ओलावा शोषून किंचित फुगतो. कोरड्या दिवसांत छान सरकणारी स्लाइड दमट दिवसांत जड चालते, त्यामागे हे कारण असू शकतं. ॲसिटल ओलावा फारच कमी घेतं, आकार धरून ठेवतं आणि कडकही असतं. टेफ्लॉन सगळ्यांत निसरडं, यात शंका नाही, पण ते मऊ आहे आणि सतत एकाच जागी दाब पडला की हळूहळू दबत जातं. केबलचा दाब तर चोवीस तास त्याच जागी असतो, धनुष्य भिंतीला टांगलेलं असतानासुद्धा. म्हणून अख्खी टेफ्लॉनची स्लाइड मला पटत नाही. कडक अंग आणि भोकात टेफ्लॉनचं अस्तर, अशी रचना मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास चांगली यंत्रावर कापलेली ॲसिटलची स्लाइड घ्या. तुमच्यासाठी मी हीच सुचवेन.

ॲल्युमिनियमची दिसते देखणी. पण धातूचं भोक थेट कार्बनच्या रॉडवर घासत असेल, तर रॉडचं आयुष्य संपवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. भोकात आणि खाचांत निसरडं अस्तर असेल तरच तिचा विचार करावा, आणि तेव्हाही ते अस्तर सुटं मिळतं का ते विचारून. थ्री-डी प्रिंटरवर काढलेल्या स्लाइडही हल्ली विकायला असतात. थरावर थर चढवून झालेली वस्तू त्या थरांच्या जोडावरच उकलते, आणि खाचेच्या भिंतीवर नेमका तसाच ताण येतो. माप पाहण्यासाठी नमुना म्हणून ती चालेल, बाण मारण्यासाठी नको.

मटेरियलइतकीच महत्त्वाची गोष्ट स्लाइडची लांबी, आणि तिच्याकडे बहुतेक जण बघतही नाहीत. केबल रॉडच्या अगदी मध्यावरून जात नाहीत, त्या थोड्या बाजूने ओढतात. त्यामुळे स्लाइडला सरकण्याबरोबर तिरकं होण्याचीही ओढ असते. टेबलाचा रुंद आणि उथळ खण एका कोपऱ्याने ओढला की वाकडा होऊन अडकतो, तसंच इथे होतं. रॉडवरची पकड आखूड असेल तर स्लाइड चटकन तिरकी होते, भोकाच्या कडा रॉडला चावतात आणि तुम्हाला ड्रॉमध्ये ती अडखळ जाणवते. म्हणून दोन स्लाइडमध्ये निवड करायची असेल तर भोकाची लांबी जास्त असलेली घ्या. मात्र आधी एक बघा: पूर्ण ड्रॉवर आणि स्ट्रिंग न ओढलेली असतानाही तिला रॉडवर दोन्ही टोकांना जागा उरली पाहिजे. लांब स्लाइड टोकाला आपटत असेल तर तिचा काही उपयोग नाही.

सैलपणा किती असावा, याची एक सोपी परीक्षा आहे. रॉड धनुष्यापासून सुटा करून उभा धरा आणि नवीन स्लाइड वरून सोडा. ती स्वतःच्या वजनाने सावकाश, एकसारखी खाली यायला हवी. अडकत अडकत आली तर घट्ट आहे. खडखडत पडली तर सैल आहे, आणि सैल स्लाइड म्हणजे पुन्हा तिरकं होणं. घट्ट असेल तर घरच्या ड्रिलने भोक मोठं करायच्या फंदात पडू नका. ते गोल राहत नाही आणि आतून खरखरीत होतं. दुसरी मागवा.

खाचांबद्दल दोन गोष्टी. केबलचा ताण तिला खाचेच्या बुडाशी दाबेल अशी खाच हवी, तोंडाकडे ढकलेल अशी नको. उजव्या आणि डाव्या हाताच्या धनुष्यात ही दिशा उलटी होते. काही स्लाइड उलटून दोन्हीकडे चालतात, काही नाही. डावखुरे असाल तर हे विचारूनच घ्या. दुसरं म्हणजे खाचेच्या कडा. नखाने तपासा. धार लागत असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने ती मोडून टाका. एवढं करायला हरकत नाही, उलट करावंच. धारदार कड सर्व्हिंग हळूहळू कापते आणि सर्व्हिंगखालच्या धाग्यापर्यंत पोहोचली की स्लाइडच्या कित्येक पट खर्च केबलवर होतो. तुमच्या नव्या केबलवर जुन्या फुटक्या स्लाइडने काही इजा केली आहे का, हेही आत्ताच पाहून घ्या. सर्व्हिंग विस्कटलं असेल तर ते पुन्हा करून घेता येतं. आतला धागा तुटला असेल तर केबल बदलायची.

तुमच्या मित्राच्या रोलरबद्दल. रोलर गार्डमध्ये केबल छोट्या चाकांवरून फिरतात, घर्षण खरंच कमी होतं आणि मूळ तशीच रचना असलेली धनुष्यं फार गुळगुळीत चालतात. पण तिथे चाकांची जागा रायझरच्या रचनेबरोबर ठरवलेली असते. स्लाइडसाठी बनलेल्या जुन्या धनुष्यावर बाहेरून रोलर लावायचा तर केबल किती बाजूला जातात, कुठून वाकतात, सगळंच बदलतं आणि ट्यूनिंग पहिल्यापासून करावं लागतं. तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला संच मिळत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर चांगली स्लाइड आणि स्वच्छ रॉड एवढ्याने तुमचा प्रश्न सुटतो, त्यासाठी धनुष्याची रचना बदलायची गरज नाही.

घरी बसवता येईल का? स्लाइडच्या खाचा उघड्या असतील आणि रॉड रायझरमध्ये सेट-स्क्रूने धरलेला असेल, तर बऱ्याच धनुष्यांवर केबल न उतरवता काम होतं. केबल बंद भोकातून ओवाव्या लागणार असतील तर मात्र त्या कॅमवरून उतरवाव्या लागतात. ते काम बो प्रेसवर, म्हणजे धनुष्य दाबून केबलचा ताण सैल करणाऱ्या यंत्रावर, जाणकाराच्या हातूनच व्हायला हवं. प्रेसशिवाय केबल उतरवण्याचे जे जुगाड सांगितले जातात ते करू नका. त्यात लिंब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा, फुटतात आणि माणसं जखमी होतात.

पहिल्या प्रकारचं काम असेल तर सोबत एक माणूस घ्या. स्क्रूला हात लावण्याआधी रॉड किती आत आहे आणि कोणत्या कोनात आहे याची खूण करा. रॉड जिथे रायझरमध्ये शिरतो तिथे चिकटपट्टी गुंडाळा आणि पेनाने एक सरळ रेघ रॉडवरून रायझरवर न्या. रॉड मुळातच वाकडा बनवलेला असेल तर ही रेघ सोन्याच्या मोलाची आहे. जुनी स्लाइड काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा, कोणती केबल कोणत्या खाचेत होती हे त्यात स्पष्ट दिसायला हवं. अदलाबदल झाली तर केबल एकमेकींना घासतात. स्क्रू सैल करताना केबल रॉडला मध्याकडे ओढत असतात हे लक्षात ठेवा, म्हणून जोडीदाराने केबल हाताने बाजूला धरून ठेवाव्यात. नव्या स्लाइडमध्ये केबल अंगठ्याने दाबून बसवा. स्क्रूड्रायव्हरने तरफ लावली की सर्व्हिंग गेलंच. अंगठ्याने बसतच नसेल, तर खाच अरुंद आहे. हट्ट करू नका, मापांचा कागद पुन्हा काढा.

बसवल्यावर पहिला ड्रॉ सावकाश, लक्ष्याकडे तोंड करून आणि बाण लावूनच. रिकामं धनुष्य हातून सुटलं तर सगळी ताकद लिंब, कॅम आणि केबलवरच येते. जोडीदाराने मागून, बाजूला उभं राहून स्लाइडकडे बघावं: ती एकसारखी सरकते का, पूर्ण ड्रॉवर टोकाला टेकते का. मग बाण न सोडता सावकाश परत या. हे दोन-तीनदा केल्यावरच बाण सोडा.

शेवटचं काम व्हेनचं, म्हणजे बाणाच्या मागच्या पात्यांचं. नवी स्लाइड जुनीपेक्षा थोडी वेगळी असली तर केबल बाणाच्या किंचित जवळ किंवा दूर जातात. बाणाच्या मागच्या भागावर आणि व्हेनवर कोरडी टाल्कम पावडर भुरभुरा, एक बाण मारा आणि व्हेनवर घासल्याची रेघ उमटली का ते पाहा. उमटली तर लगेच रॉड बाहेर फिरवू नका. आधी नॉक, म्हणजे बाणाचा स्ट्रिंगवर बसणारा मागचा तुकडा, थोडा फिरवून व्हेन केबलच्या वाटेतून हलते का ते बघा. तेवढ्याने भागलं नाही तरच रॉड फिरवा, आणि तोही लागेल तेवढाच. रॉड जितका बाहेर, तितका कडेचा ताण जास्त. मग रायझर हातात पिळायला लागतो आणि कॅम कलतात. कागदातून बाण मारून बघा, फाटलेली रेघ आडवी आली तर कडेच्या ताणाचाही विचार करा. स्लाइड बदलल्यावर साइटची, म्हणजे नेम धरायच्या साधनाची, एखाद-दुसरी खूण हलली तर घाबरू नका, आडवी साइट पुन्हा लावून घ्या.

आणि तेलाबद्दल. रॉडवर तेल किंवा ग्रीस लावू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्यात धूळ बसते आणि तीच पॉलिश पेपरसारखी स्लाइड घासत राहते. बरोबर मापाची स्लाइड कोरड्या, स्वच्छ रॉडवर मुकाट्याने चालते. फारच वाटलं तर कापडावर थोडं कोरडं सिलिकॉन घेऊन रॉड पुसा. थेट फवारू नका, ते केबलवर आणि स्ट्रिंगवर उडतं.

मापं जुळली आणि स्लाइड पसंत पडली की त्याच वेळी दुसरी एक मागवा आणि किटमध्ये ठेवा. मूळ भाग बंद झालाय, आज जुळलेली स्लाइड पुढच्या वेळी तशीच मिळेल याची खात्री नाही. पहिल्या शंभरेक बाणांनंतर रॉडचा सेट-स्क्रू सैल झालाय का ते एकदा तपासा आणि तुमची ती पेनाची रेघ अजून जुळते का हेही पाहा.